शेवळं, काकडं आणि तिसरं कडवं

सुषमा भाजीची चव बघत नसे. चव बघून मीठ घालणाऱ्या बायकांबद्दल तिचं मत फारसं चांगलं नव्हतं. फोडणीच्या वासावरून मीठ कळलं पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं आणि ते तिने ‘सुगरण कट्टा’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आजची टीप’ म्हणून दोनदा टाकलंही होतं. ग्रुपवर अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगरातल्या मिळून एकशे बारा बायका होत्या. रोज सकाळी साडेनऊला सुषमा आपल्या डब्याचा फोटो टाकायची, खाली टीप लिहायची आणि मग बदलापूरच्या दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावता लावता किती अंगठे आले ते बघत बसायची. दाढ ठणकत असलेला माणूस समोर उभा असला तरी आधी अंगठे.

आता खरं सांगायचं तर त्या टिपा तिच्या नव्हत्या. सुषमा जालन्याकडची. लग्न होऊन इकडे आली तेव्हा तिला ठेचा, झुणका आणि ज्वारीची भाकरी एवढंच फर्मास जमायचं. बाकी सगळं सासूबाईंचं. जनाबाई मुरबाडकडच्या. रानातला कुठला पाला कधी कोवळा असतो, सुकट कशी भाजली म्हणजे घरभर वास सुटत नाही, वालाला मोड येण्यासाठी कुठल्या फडक्यात बांधायचे, हे सगळं त्या बाईंच्या हातात होतं. चिखलोलीच्या नव्या इमारतीतल्या चौथ्या मजल्यावर त्या ओट्याशी उभ्या राहायच्या आणि सुषमा दारात मोबाईल घेऊन उभी राहायची. लिहिताना सासूबाईंचा उल्लेख करायचा राहून जायचा. गेली तीन वर्षं रोज राहून जात होता.

दर रविवारी सुषमा अंबरनाथच्या विहारात समूहगानाच्या तालमीला जायची. तिथे नऊ बायका आणि पेटीवर गुरुदत्त सर. सर शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक, अतिशय मृदू स्वभावाचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सुषमाला बाजूला घेऊन हळूच सांगितलं होतं की ताई, तुमच्या चेहऱ्यावर भाव फार सुंदर येतात, तेव्हा तुम्ही नुसते ओठ हलवा. दुसरी एखादी असती तर रुसून घरी बसली असती. सुषमाला काहीच वाटलं नाही, कारण त्या मंडळात तिची जागा आवाजामुळे नव्हतीच. तालीम संपली की सगळ्याजणी आपापले डबे उघडायच्या आणि सगळ्यांचे हात आधी सुषमाच्या डब्यात जायचे. “सुषमाताई, कसं केलंस गं हे?” असं कुणीतरी विचारायचं आणि सुषमा सांगायची. त्या पाच मिनिटांसाठी ती आठवडाभर जगायची, असं म्हटलं तरी चालेल.

यंदा उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात महिलांची समूहगान स्पर्धा होती. सरांनी स्वतः गाणं बांधलं होतं, पहाटे पाण्याला निघालेल्या बायकांचं. त्याच्या तिसऱ्या कडव्यात दोन ओळी एकटीने म्हणायच्या होत्या आणि त्या सरांनी भारतीला दिल्या होत्या.

भारती ही सुषमाची जिवाभावाची मैत्रीण. एमआयडीसीत औषधाच्या खोक्यांवर लेबलं चिकटवायचं काम करायची. तिचे वडील एके काळी जलशात गायचे, गावोगाव त्यांचं नाव होतं. भारतीही लहानपणी त्यांच्याबरोबर उभी राहायची. पण पंधराव्या वर्षी ते सुटलं, सतराव्या वर्षी लग्न झालं आणि मग तिचं गाणं दुसऱ्यांच्या हळदीत आणि बारशात, तेही चौघींच्या आवाजात मिसळून. आता वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. लेकीला एकटीला गाताना ऐकायला ते वांगणीहून स्पर्धेला येणार होते. भारतीने हे सुषमाला सांगितलं. तिने सुषमाचा हात धरून म्हटलं, “दोन ओळी आहेत फक्त. पण त्या चुकल्या तर परत कधी बाबांना ऐकवणार मी?” सुषमाला भरून आलं. भारतीच्या घशाला या आठवड्यात काही म्हणता काही होऊ द्यायचं नाही, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं.

आणि घोळ इथूनच सुरू झाला.

गुरुदत्त सरांनी स्पर्धेआधी आठ दिवस सगळ्यांना आंबट वर्ज्य केलं. दही, ताक, लिंबू, चिंच, लोणचं, सगळं बंद. गाणाऱ्याने आंबट खाल्लं की घसा बसतो. सर हे नुसतं सांगून मोकळे झाले. सुषमाने मात्र त्याचं खातं आपणहून स्वतःकडे घेतलं. तिने ग्रुपवर यादी टाकली. त्या आठवड्यात रोज होणाऱ्या तालमीला आलेल्या बायकांचे डबे ती हुंगून आत सोडायला लागली. एकीच्या आमटीत टोमॅटो सापडला तर तो चमच्याने काढून बाजूला ठेवायला लावला. कौसाबाई म्हणून मंडळात सगळ्यांत वडील, पासष्टीच्या बाई होत्या. आयुष्यभर दवाखान्यात आयाचं काम केलेल्या. त्यांना जेवणानंतर चिंचेची गोळी चघळायची सवय होती. सुषमाने त्यांची पुडीच काढून घेतली. कौसाबाई सुषमाकडे अशा बघत राहिल्या की जणू तिने त्यांची पेन्शन थांबवली होती.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी विहारातच सगळ्यांनी एकत्र जेवून निघायचं ठरलं. भाकऱ्या बाकीच्यांनी आणायच्या, भाजी सुषमाची. आता भाजी साधीसुधी करून कसं चालेल? जूनचा दुसरा आठवडा होता आणि बाजारात शेवळं आली होती.

शेवळं म्हणजे डोंगरात उगवणारे जांभळट कोंब. वर्षातून जेमतेम पंधरा दिवस मिळतात आणि इकडची माणसं त्यांच्यासाठी जीव टाकतात. जनाबाई ती वाल घालून अशी करायच्या की खाणारा बोटं चाटत उठायचा. पण जनाबाई दहा दिवसांसाठी मुरबाडला लेकीकडे गेल्या होत्या. सुषमाचं त्यामुळे काही अडलं नाही. तिने तीन वर्षं दारात उभं राहून सगळं पाहिलं होतं. बुडाचा पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरायचं, तेलात चांगलं परतायचं, वाल, ओलं खोबरं, मसाला आणि शेवटी काकडं ठेचून घालायची. काकडं म्हणजे सुपारीएवढी हिरवी फळं, तुरट आणि खूप आंबट.

शनिवारी दवाखान्यातून सुटल्यावर ती बदलापूर स्टेशनबाहेर तुळशीकडे गेली. तुळशी बारवीकडच्या पाड्यावरून रानभाजी घेऊन यायची. तिने शेवळांच्या सहा जुड्या मोजून दिल्या आणि मूठभर काकडं वर ठेवली. सुषमाने ती उचलून परत तिच्या टोपलीत टाकली.

“काकडं ने ताई. शेवळांसंगती लागतातच ती.”

“नको. आमचं उद्या गाणं आहे, आंबट चालत नाही.”

“गान्याचा मला काय ठावं नाय. पन काकडांबिगर शेवळा कोन करत नाय बघ.”

तुळशीने काकडं पुन्हा पुढे केली आणि नुसतीच घेऊन जा, असं म्हणाली. इथे सुषमा सावध झाली. भाजीवाली जे फुकट देते ते तिच्याकडे उरलेलं असतं, हा तिचा अनुभव होता. तिने काकडं दुसऱ्यांदा परत केली. तुळशीने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, तुझी मर्जी म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

घरी जाताना शेअर रिक्षात सुषमाला एक भन्नाट विचार सुचला. इतकी वर्षं ती सासूबाईंचंच उतरवत आली होती. काकडं वगळायची कल्पना मात्र पहिल्यांदाच तिची स्वतःची होती. शिवाय किती शास्त्रशुद्ध! आंबटाच्या जागी काजूची पेस्ट घातली की चव गोलसर होईल आणि घसा मऊ राहील. तिने रिक्षातच ‘आजची टीप’ टाकली. गाणाऱ्यांसाठी, शिक्षकांसाठी आणि ज्यांना दिवसभर बोलावं लागतं अशा सर्वांसाठी शेवळांची खास पद्धत. काकडं अजिबात घालू नयेत, आंबटाने घशाचं नुकसान होतं. घरी पोचेपर्यंत चाळीस अंगठे आले होते आणि बऱ्याच जणींनी उद्या रविवार आहे, उद्याच करते, असं लिहिलं होतं.

रविवारी सकाळी तिने भलंमोठं पातेलंभर भाजी केली. चिरताना हातांना थोडी खाज सुटली, तेव्हा तिने मिलिंदला, म्हणजे नवऱ्याला, तू आणलेला नवा साबण भिकार आहे असं सुनावलं. मिलिंदची पहिली पाळी होती. तो डबा न घेताच कंपनीत निघून गेला आणि बिचारा वाचला. भाजीची चव सुषमाने नेहमीप्रमाणे बघितली नाही. वास फर्स्ट क्लास होता.

विहारात भाजी वाढली आणि सगळ्यांनी भाकऱ्या मोडल्या. मग कौतुक सुरू झालं. काहीतरी वेगळंच आहे आज, जीभ कशी चुरचुरतेय, असं एक म्हणाली. दुसरीने तो काळ्या मिरीचा झणका असणार असं सांगितलं. काजूमुळे होतं तसं, अशी माहिती सुषमाने दिली. गुरुदत्त सरांनी दोनदा वाढून घेतली. भारतीला तर सुषमाने आग्रह करकरून वाढली, कारण सगळं चाललं होतं ते तिच्या घशासाठी. सगळ्यांना वाढून होईपर्यंत पातेलं पुसून लख्ख झालं आणि सुषमाच्या वाट्याला भाकरीबरोबर ठेचा उरला. तिला त्याचं काही वाटलं नाही. पातेलं रिकामं होणं हाच तिचा मान होता. ती ठेचा खात कृतार्थ चेहऱ्याने बसून राहिली.

विहारातून तीन रिक्षा निघाल्या. सुषमाच्या रिक्षात भारती आणि कौसाबाई होत्या. रिक्षा पहिल्या सिग्नलपर्यंत पोचायच्या आत भारती खाकरली. मग पुन्हा खाकरली. धुरामुळे असेल म्हणून सुषमाने तिच्या तोंडावर पदर धरला. उल्हासनगर जवळ येईपर्यंत भारती दोन्ही हातांनी गळा चोळत होती आणि तिचे डोळे वाहायला लागले होते. सुषमाला वाटलं बापाच्या आठवणीने भरून आलंय. तिने भारतीला थोपटलं आणि रडू नकोस गं, तू छान गाशील, असं सांगितलं. भारती काहीतरी बोलली, पण ते दार करकरल्यासारखं ऐकू आलं.

हॉलच्या बाहेर उतरल्यावर कळलं की बाकीच्या दोन रिक्षांतही तेच चाललं होतं. पांढऱ्या साड्या आणि निळे काठ अशा सात बायका ओळीने उभ्या राहून गळे खाजवत होत्या. गुरुदत्त सर पेटी मांडीवर घेऊन पायरीवर बसले होते आणि माशासारखं तोंड उघडत-मिटत होते. त्यांचा आवाज साफ गेला होता. कौसाबाई तेवढ्या मजेत इकडे तिकडे बघत होत्या.

सरांनी खिशातून मोबाईल काढला आणि त्यावर टाईप करून सगळ्यांपुढे धरलं. “कोणीतरी आंबट खाल्लं आहे.” एका बाईने आंबट खाल्लं तर आठ घसे कसे बसतील, असा प्रश्न कुणालाही पडला नाही, सुषमाला तर नाहीच. ती या खात्याची प्रमुख होती आणि तिच्या डोळ्यांदेखत गुन्हा घडला होता. तिने तिथेच पर्स तपासायला घेतल्या. चौथी पर्स कौसाबाईंची निघाली आणि तिच्या आतल्या कप्प्यात रुमालात बांधलेल्या चिंचेच्या गोळ्या सापडल्या. निम्म्या संपल्या होत्या.

सुषमाने रुमाल हवेत धरला. सरांनी कपाळावर हात मारून घेतला. सगळ्याजणी कौसाबाईंकडे बघायला लागल्या.

“हो, खाल्ल्या,” कौसाबाई म्हणाल्या. “सकाळपासून पाच खाल्ल्या. तुमच्या ताईंनी पुडी घेतली म्हणून काय मी सवय सोडू? आयुष्यात कधी सोडली नाही.”

त्या बोलत होत्या आणि सुषमा ऐकत होती. त्यांचा आवाज स्वच्छ होता. खणखणीत, मोकळा, स्टेजवरून शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा. आंबट खाल्लेली एकुलती एक बाई आणि घसाही तेवढा एकीचाच ठीक. तिच्या हातातला मोबाईल मघापासून थरथरत होता तो तिने आता उघडला.

सुगरण कट्ट्यावर सत्तेचाळीस मेसेज होते. बदलापूर गावातल्या एकीकडे जावयाला जेवायला बोलावलं होतं आणि तो ताटावरून उठून नळाखाली तोंड धरून बसला होता. एकीने रिक्षा करून सासऱ्यांना डॉक्टरकडे नेलं होतं. एकीचा नवरा तिच्याशी भांडत होता तो मध्येच गप्प झाला होता आणि तिने भाजीचं नेमकं प्रमाण विचारलं होतं. बाकीच्या सगळ्या एकच विचारत होत्या की ताई, घसा का खाजतोय?

सुषमा हॉलच्या मागच्या जिन्याखाली गेली आणि तिने मुरबाडला फोन लावला. जनाबाईंना मोबाईल कानाला लावायला आवडत नसे. त्या तो तोंडासमोर धरून पलीकडच्या डोंगरावरच्या माणसाशी बोलावं तसं बोलायच्या.

“शेवळं केलीस व्हय? काकडं किती घातलीस?”

“नाही घातली, आई.”

जनाबाई एकदम हळू आवाजात बोलल्या आणि त्या हळू बोलताहेत म्हणूनच सुषमाला जास्त भीती वाटली.

“अगं, काकडं काय आंबटासाठी असतात? शेवळांना खाज असते, ती मारायला असतात. आता चिंच दे सगळ्यांना. कोकम मिळालं तर कोकम. हात आखडू नको, भरपूर दे. अर्ध्या तासात उतरेल.”

मंडळाचा पाचवा नंबर होता आणि आत तिसरा चालू झाला होता. सुषमा धावत पायऱ्यांपाशी आली आणि सगळ्यांनी चिंच खायची आहे असं तिने जाहीर केलं. गुरुदत्त सरांचे डोळे मोठे झाले. त्यांनी जोरजोरात मान हलवली, टाईप केलं, “गाण्याआधी चिंच? मुळीच नाही.” बाकीच्याही बायका मागे सरकल्या. सुषमा म्हणाली, मी सांगते ना, चिंचेनेच घशाची खाज उतरते. तेव्हा सरांनी मोबाईलवर दुसरं काहीतरी उघडलं आणि तिच्यापुढे धरलं. ती तिचीच कालची टीप होती, तिने कौतुकाने सरांनाही पाठवलेली. आंबटाने घशाचं नुकसान होतं. खाली तिचं नाव आणि दोन हात जोडलेले.

आता आपल्या सुषमाची अवस्था बघा. स्वतःच्याच टिपेविरुद्ध ती स्वतः काय बोलणार? आठ दिवस डबे हुंगत फिरलेल्या बाईने एकदम चिंच खा म्हटलं तर कोण ऐकणार? ऐकतील अशा एकच बाई होत्या. मुरबाडच्या जनाबाईंवर विहारात सगळ्यांचा विश्वास होता. पण जनाबाईंचं नाव घ्यायचं तर मग सगळंच सांगावं लागणार होतं. तीन वर्षं, रोजचे अंगठे, तालमीनंतरची ती पाच मिनिटं. तेवढं गेलं तर या मंडळात सुषमाचं राहणार काय होतं? नुसते ओठ.

तिने भारतीकडे पाहिलं. भारती भिंतीला टेकून उभी होती आणि आवाज न करता ओठांनी त्या दोन ओळी म्हणून बघत होती. हॉलच्या दारातून पहिली रांग दिसत होती. तिथे एक म्हातारा फेटा बांधून, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरून, पुढे वाकून बसला होता.

“ऐका,” सुषमा म्हणाली. “त्या टिपा माझ्या नाहीत. एकही माझी नाही. सगळं आमच्या सासूबाईंचं आहे. मी दारात उभी राहून बघते आणि माझ्या नावावर खपवते. कालची तेवढी मी माझ्या डोक्याने केली आणि तिने हे झालं. चिंच खा असं मी नाही सांगत, जनाबाई सांगताहेत. घ्या, विचारा त्यांना.”

फोन अजून चालूच होता, तो तिने स्पीकरवर टाकला. जनाबाई मुरबाडहून ओरडल्या की चिंच खा गं पोरींनो, नंतर बोलू.

सुषमाने मान वर केली तेव्हा सगळ्याजणी तिच्याकडे बघून हात हलवत होत्या. तोंडातून शब्द फुटत नव्हता, पण हात सगळ्यांचेच हलत होते. पुरे, पुरे, असं. भारतीने तर दोन्ही हात झटकले आणि मान फिरवली. सुषमाला वाटलं, संपलं. आता ही बाई आपलं तोंड बघायची नाही. पण रडायलाही वेळ नव्हता. ती पदर खोचून बाजाराकडे पळाली.

तिसऱ्या गल्लीत पापड-लोणच्याच्या दुकानात एक सिंधी आजी बसल्या होत्या. सुषमाने धापा टाकत चिंच मागितली आणि घाई आहे, बायकांना गायचंय, असंही सांगून टाकलं. आजींनी चष्मा वर केला.

“गाने से पहले इमली? बेटी, किसने बोला तुमको?”

“मेरी सास ने.”

“फिर तो ले जाओ,” आजी म्हणाल्या आणि त्यांनी वर मूठभर कोकमं घातली. ती घेताना सुषमाला तुळशी आठवली. या वेळी तिने काही परत केलं नाही.

त्या दिवशी स्टेजच्या मागे जे दृश्य होतं ते पाहून चौथ्या नंबरच्या मंडळाच्या बायका गाणं विसरता विसरता वाचल्या. सात बायका आणि एक पेटीमास्तर भिंतीकडे तोंड करून चिंच चोखत होते. डोळे मिटलेले, तोंडं वाकडी, चिंचोके रुमालात. सरांनी आधी एक बोटुक जिभेवर ठेवलं, मग तोंड कसंनुसं केलं, आणि मग अख्खी मूठ तोंडात कोंबली. कौसाबाई मध्ये उभ्या राहून कुणाला अजून हवी ते विचारत होत्या आणि स्वतःलाही वाढून घेत होत्या.

पाचवा नंबर पुकारला तेव्हा चिंच खाऊन जेमतेम पंधरा मिनिटं झाली होती. पडदा उघडला, सरांनी सूर धरला आणि पहिल्या कडव्याला नऊ जणींपैकी दोघींचाच आवाज निघाला. एक कौसाबाई. आणि दुसरी सुषमा, कारण घसा तिचाही शाबूत होता. तिने आयुष्यात पहिल्यांदाच ओठ हलवण्याऐवजी तोंड उघडलं. सरांनी पेटीवरून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत वेदना होती, पण इलाजही नव्हता. सुषमा जीव तोडून गायली. सूर कुठेही असो, शब्द मात्र सगळे बरोबर होते. दुसऱ्या कडव्यात हळूहळू बाकीचे आवाज येऊन मिळाले, एकेक करत, नळाला पाणी यायला लागावं तसे.

मग तिसरं कडवं आलं. सरांची बोटं पेटीवर थांबली. सुषमाने तोंड घट्ट मिटून घेतलं. या दोन ओळी तिला पाठ होत्या, पण त्या तिच्या नव्हत्या, आणि दुसऱ्याचं आपल्या नावावर गाण्याची हौस तिची त्या दुपारी फिटली होती. भारतीने आवंढा गिळला. मग आवाज लागला. थोडा खरखरीत, जलशातल्या जुन्या गायकांचा असायचा तसा, पण सरळ वर गेला आणि वरच राहिला. दोन्ही ओळी भारतीने पूर्ण म्हटल्या. पहिल्या रांगेतला म्हातारा काठीवर हनुवटी टेकून बसला होता तो ताठ झाला.

बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी सांगितलं की शेवट फार चांगला होता, सुरुवातीवर मेहनत घ्या. भारतीचे वडील तिला भेटायला मागे आले. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवूनच उभे राहिले. म्हणाले, आवाज माझ्या आईवर गेलाय तुझा. भारती रडली, आणि या वेळी खरंच रडली. मग त्यांनी इकडे तिकडे बघत मुलीला विचारलं, “पण पहिल्या कडव्यात ती कोण बाई ओरडत होती गं?” सुषमा पेटी उचलायच्या निमित्ताने खाली वाकली.

परतीच्या रिक्षात कौसाबाई मध्ये, भारती एका कडेला, सुषमा दुसऱ्या कडेला. रिकामं पातेलं सुषमाच्या मांडीवर होतं. शेवटी सुषमानेच विषय काढला. आता मी तालमीला येत नाही, म्हणाली. कुठल्या तोंडाने येऊ? सगळं तर सांगून टाकलं.

भारतीने घसा साफ केला. “काय सांगितलंस?”

“तेच. टिपा आईंच्या आहेत ते.”

भारती तिच्याकडे बघत राहिली, मग कौसाबाईंकडे बघितलं, आणि मग दोघी हसायला लागल्या. भारतीच्या घशाला हसणं सोसेना, तरी ती हसत होती.

“अगं बाई, तेच तर मघाशी सांगत होतो हाताने. पुरे, माहीत आहे, चिंच आण लवकर. तू आपली बोलतच राहिलीस.”

“माहीत आहे म्हणजे? कधीपासून?”

“पहिल्या महिन्यापासून,” कौसाबाई म्हणाल्या. “जनाबाई दर पौर्णिमेला विहारात येतात ना. आल्या की एकेकीला गाठून विचारतात, माझी परवाची भाजी कशी झाली होती गं?”

तीन वर्षांचं गुपित, आणि एकट्या तिलाच ते गुपित वाटत होतं. मग इतके दिवस कसं केलंस म्हणून मला का विचारत होतात, असं तिने कसंबसं विचारलं. भारतीने खांदे उडवले. म्हणाली, तू सांगायचीस ते छान वाटायचं ऐकायला. आणि डबा तर तूच उचलून आणायचीस ना चिखलोलीहून?

रिक्षा अंबरनाथच्या हद्दीत आली. सुषमाने मोबाईल उघडला. सुगरण कट्ट्यावर आता एकशे तीस मेसेज होते आणि जावयाच्या सासूने तर तिला उद्देशून तीन मेसेज सलग टाकले होते. आधी तिने सगळ्यांना चिंच आणि कोकम खायला सांगितलं. मग थोडा वेळ विचार केला आणि एकदाचं लिहून टाकलं. “मैत्रिणींनो, आजवरच्या सर्व टिपा माझ्या सासूबाई जनाबाई यांच्या आहेत. कालची तेवढी माझी होती.”